शस्त्रकर्माआधीचे दिवस

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडेल. लघवीच्या वाटेचे दुखणे हा काय आकाशवाणीवर बोलण्याचा विषय झाला, असेही कोणी म्हणेल. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. मी कॉलेजात इतिहास शिकवणारा माणूस. पण इतिहास म्हणजे काही नुसत्या लढाया आणि तहनामे नव्हेत. माणसाने आपल्या देहाच्या दुःखाशी कशी झुंज घेतली हाही इतिहासच आहे, आणि ज्या दुखण्याविषयी लोक बोलायला लाजतात, त्याचा इतिहास सांगणे तर अधिकच अगत्याचे आहे. का ते पुढे कळेल.

माझे एक चुलते होते. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. राहणार खेड्यात, धंदा शेतीचा. ऐन उमेदीत बैलगाडीवर चढताना पाय निसटला आणि ते दोन्ही पाय दोन बाजूंना होऊन गाडीच्या धुरीवर आदळले. दोनचार दिवस लघवीतून रक्त गेले, मग थांबले. बरे झाले असे सगळ्यांना वाटले. दीडदोन वर्षांनी लघवीची धार बारीक होऊ लागली. तात्या गोठ्यामागे जाऊन अर्धा अर्धा तास बसू लागले. विचारले तर म्हणायचे, "काय न्हाई रं, उन्हाळी लागलीया." धन्याचे पाणी, सब्जा, सगळे झाले. शेवटी बाजाराच्या गावी एकजण धातूची सळई घालून वाट मोकळी करून देतो असे कळले. दर दोन महिन्यांनी तात्या तिकडे जाऊन येत. असे नऊ वर्षे चालले. मग एका रात्री लघवी पार तुंबली, थंडीताप भरला, आणि आम्ही त्यांना जीपमध्ये घालून शहरातल्या इस्पितळात नेले.

तिथे ओटीपोटातून नळी घालून त्यांची सुटका केली. आम्हाला वाटले, आता उद्यापरवा ऑपरेशन होईल. डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांनी या." तीन महिन्यांनी गेलो तर लघवी तपासून म्हणाले, "आणखी पंधरा दिवसांनी या." तात्या संतापले. म्हणाले, "मास्तर, हे आपल्याला खुळं समजत्यात. गरिबाला नुसतं हेलपाटं." खरे सांगतो, मलाही तसेच वाटले होते. पुढे वाचन केले तेव्हा समजले की ज्याला आम्ही हेलपाटे समजत होतो, ते त्या शस्त्रक्रियेचे निम्मे काम होते. आणि ही समज माणसाला एका दिवसात आलेली नाही. तिला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. तोच आज थोडक्यात सांगतो.

आरंभ आपल्याच देशापासून करू. सुश्रुतसंहिता हा आपल्याकडचा शल्यतंत्राचा थोर ग्रंथ. त्याची आजची घडण इसवी सनाच्या आगेमागे काही शतकांत होत गेली असे विद्वान मानतात. या ग्रंथाने शस्त्रकर्माचे तीन भाग सांगितले आहेत: पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म. म्हणजे शस्त्र चालवणे हा मधला एक भाग. त्याच्या आधीची तयारी आणि नंतरची शुश्रूषा यांना सुश्रुताने तितकीच स्वतंत्र नावे दिली आहेत. तयारीत काय काय जमवावे याची यादीच आहे. यंत्रे, शस्त्रे, कापूस, वस्त्र, दोरा, मध, तूप, दूध, तेल, गार आणि ऊन पाणी, आणि शेवटी माणसे. तीही कशी? प्रेमळ, स्थिर आणि बळकट.

लघवीची वाट अरुंद होण्याचा एक प्रकार सुश्रुताने निरुद्धप्रकश या नावाने सांगितला आहे. यात पुढच्या त्वचेने तोंड आवळले जाते आणि धार मंद होते. आज आपण ज्याला मूत्रमार्गाचे आकुंचन किंवा स्ट्रिक्चर म्हणतो त्याच्याशी हे तंतोतंत एक नाही, पण उपचाराची रीत जवळची आहे. लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची दोन्हीकडे तोंड असलेली नळी तुपाने माखून घालावी, आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी घालून वाट हळूहळू रुंद करावी. घाई नाही, जोर नाही. इतके करून भागले नाही तरच शस्त्र, आणि तेही मधली शिवण सांभाळून.

याच प्रदेशातले मोठे शस्त्रकर्म म्हणजे मूत्राशयातला खडा काढणे. त्याच्या पूर्वकर्माचे सुश्रुताने केलेले वर्णन आजही वाचण्यासारखे आहे. रोग्याला आधी स्नेहपान द्यावे, शोधन करावे, देह थोडा हलका करावा. अंगाला तेल लावावे, शेक द्यावा. इतर पुष्कळ शस्त्रकर्मांच्या आधी सुश्रुत रोग्याला खायला घालतो, आणि ज्याला मद्याची सवय आहे त्याला मद्यही देतो. कारण पोटात अन्न असले तर मूर्च्छा येत नाही, आणि मद्याने शस्त्राची जाणीव बोथट होते. पण खड्याच्या शस्त्रकर्मात मात्र रोगी उपाशी हवा असे तो सांगतो. मग मंगलपाठ, स्वस्तिवाचन. त्यानंतर रोग्याला धीर द्यावा. हा धीर देण्याचा उल्लेख त्या यादीतच आहे, हे लक्षात घ्या. मग गुडघ्याइतक्या उंचीच्या फळीवर एक बळकट माणूस बसवावा, त्याच्या मांडीवर रोग्याचे वरचे अंग टेकवावे, कंबरेखाली वस्त्राची गादी द्यावी, गुडघे आणि कोपर दुमडून पट्ट्याने बांधावेत.

आणखी एक गोष्ट. सुश्रुत म्हणतो की हे कर्म केले नाही तर मरण निश्चित, केले तर संशय. म्हणून आधी राजाला किंवा धन्याला विचारून, अनुज्ञा घेऊन मगच वैद्याने हात घालावा. आज आपण इस्पितळात कागदावर सही करतो. ती सही रोग्याची असते आणि ही अनुज्ञा राजाची होती, हा फरक मोठा आहे. पण धोका आधी उघड सांगून मगच शस्त्र उचलायचे, ही वृत्ती दोन्हीकडे आहे.

शस्त्रकर्म झाल्यावर रोग्याला ऊन पाण्याच्या द्रोणीत बसवावे, पथ्याचे अन्न द्यावे. जखम भरल्यावरही एक वर्ष घोड्यावर, रथावर, झाडावर चढू नये, पाण्यात पोहू नये, जड खाऊ नये, असे पथ्य तो घालून देतो.

आता युरोपात चला. तिकडेही या दुखण्याने लोक गांजले होते. परमा हा रोग त्याचे मोठे कारण. परम्याची आग विझल्यावर मागे जो व्रण राहतो तो पुढे वाट आवळत जातो. त्यावर मेणाच्या बारीक कांड्या घालून वाट रुंद करीत. या कांड्यांना फ्रेंच भाषेत बूजी म्हणतात. बूजी म्हणजे मेणबत्ती, आणि हे नाव आले उत्तर आफ्रिकेतल्या ज्या बंदरातून मेण येत असे त्या गावावरून. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये दारां नावाचा शस्त्रवैद्य अशा कांड्यांसाठी फार गाजला. त्या कशाच्या बनवतो हे तो गुप्त ठेवीत असे. प्रसिद्ध तत्त्वज्ञ रूसो यालाही लघवीची पीडा होती. त्याने दारांच्या कांड्यांचा मोठा साठा विकत घेऊन ठेवला होता, हे त्यानेच आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. ज्याच्या विचारांनी पुढे राज्ये हालली, तो माणूस या बाबतीत आमच्या तात्यांहून वेगळा नव्हता.

त्या काळी शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्या रोग्याच्या मनाची स्थिती काय असे? याची एक नवलाची साक्ष संगीतात आहे. मारँ मारे या फ्रेंच संगीतकाराने 1725 साली खडा काढण्याच्या शस्त्रक्रियेचे चित्र उभे करणारी एक रचना प्रसिद्ध केली. पायांत धरून गजाने वाजवण्याच्या एका तंतुवाद्यासाठी ती आहे, आणि सुरांबरोबर प्रसंगांच्या ओळी छापलेल्या आहेत. शस्त्रे दिसतात, रोगी थरथरतो. मग निर्धार करून वर चढतो. गंभीर विचार मनात येतात. हातपाय रेशमी दोऱ्यांनी बांधतात. मग शस्त्र, चिमटा, खडा बाहेर, रक्त. दोऱ्या सुटतात आणि रोग्याला अंथरुणावर नेतात. भूल नव्हती. तयारी म्हणजे मन घट्ट करणे आणि बांधून घेणे एवढीच उरत असे. वैद्याचे कौशल्य किती थोड्या क्षणांत काम उरकतो यावर मोजले जाई.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. पॅरिसच्या सिव्हियाल या शस्त्रवैद्याने 1824 साली पोट किंवा आसन न चिरता, लघवीच्या वाटेनेच यंत्र घालून आतला खडा फोडला. त्याच्या पद्धतीत मूत्रमार्गाला आधी काही दिवस सवय लावावी लागे, तो थोडा थोडा रुंद करून घ्यावा लागे. म्हणजे शस्त्रक्रियेची तारीख रोग्याच्या देहाच्या तयारीवरून ठरू लागली. इकडे एडिंबरा येथे जेम्स साइम याने 1844 च्या सुमारास, सळयांना दाद न देणारे आकुंचन बाहेरून छेद घेऊन मोकळे करण्याची पद्धत पुढे आणली. त्याच गावी 1847 साली सिम्प्सनने क्लोरोफॉर्मची भूल वापरली. आता घाईचे कारण उरले नाही. वैद्याला शांतपणे, नीट बघून काम करता येऊ लागले.

तरी एक शत्रू राहिलाच. नुसती सळई घातल्यावर काही रोग्यांना हुडहुडी भरून ताप येई, आणि काही त्यात दगावत. हा कॅथेटरचा ताप म्हणून ओळखला जाई. मज्जातंतूंना धक्का बसतो म्हणून असे होते, असा तर्क पुष्कळ वैद्य करीत. जंतूंचे शास्त्र पुढे आले आणि 1867 साली लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची मांडणी केली, तेव्हा हळूहळू उलगडा झाला. लघवीत जंतू असताना आतली त्वचा खरवडली की ते रक्तात शिरतात. आमच्या तात्यांना त्या रात्री जी थंडी वाजली तीच ही. आणि पंधरा दिवस थांबायला लावले तेही याचसाठी. लघवीचा नमुना ठेवून त्यात कोणता जंतू वाढतो, कोणत्या औषधाने मरतो हे पाहायचे, ते औषध द्यायचे, आणि मगच शस्त्र लावायचे. हा आज या शस्त्रक्रियेच्या तयारीतला पहिला नियम आहे.

दुसरा नियम नकाशाचा. 1895 साली राँटजेनने क्ष-किरण शोधले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून मूत्रमार्गात औषध भरून त्याचा फोटो घेण्याची रीत रूढ होत गेली. वाट कुठे अडली आहे, किती लांब अडली आहे, एका जागी की अनेक जागी, हे त्यात दिसते. शेतात विहीर खणण्याआधी आपण पाणी कुठे आहे ते पाहतो. इथेही तसेच. फोटोवाचून केलेले ऑपरेशन म्हणजे अंधारात मारलेली कुदळ.

तिसरा नियम थोडा चमत्कारिक वाटेल. तो विश्रांतीचा. सळई घातली की व्रण ताणला जातो आणि वाट तात्पुरती रुंद दिसते. अशा वेळी फोटो काढला तर खरे आकुंचन किती लांब आहे ते कळतच नाही. म्हणून सळया, नळ्या सगळे बंद करून चार ते बारा आठवडे त्या वाटेला अगदी मोकळे सोडतात. लघवी तुंबत असेल तर ओटीपोटातून नळी घालून तिची दुसरी सोय करतात. या मुदतीत व्रण आपले खरे रूप दाखवतो. अपघातात कमरेचे हाड मोडून मूत्रमार्ग तुटला असेल तर साधारण तीन महिने थांबण्याचा प्रघात आहे. तात्यांचे तीन महिने ते हेच. ते वाया गेले असे आम्हाला वाटत होते, आणि डॉक्टरांना त्याच दिवसांची गरज होती.

आता चौथी गोष्ट, आणि हिचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. आकुंचन आखूड असेल तर तो भाग कापून दोन टोके जोडता येतात. ते लांब असेल तर ठिगळ लावावे लागते. आधी कातड्याचे ठिगळ लावीत. पण कातडे सतत ओले राहण्यासाठी घडलेले नाही. तोंडातली, गालाच्या आतली त्वचा मात्र जन्मभर ओलीच असते. ती वापरण्याची कल्पना रशियन साम्राज्यात सापेझ्को या शस्त्रवैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडली. 1941 साली इंग्लंडमध्ये हम्बी याने ती वापरली. पुढे ती मागे पडली आणि 1990 नंतर पुन्हा उजेडात येऊन जगभर रूढ झाली. आपल्या पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी मूत्रमार्गाची एकच बाजू सोडवून हे ठिगळ बसवण्याची पद्धत सिद्ध केली. ती 2009 साली प्रसिद्ध झाली आणि आज परदेशातले शल्यतज्ज्ञही तिला कुलकर्णींच्या नावाने ओळखतात. हे ऐकून आपल्याला अभिमान वाटावा.

पण अभिमानाबरोबर एक शरमेची गोष्टही सांगितली पाहिजे. ठिगळ गालातून घ्यायचे तर गाल निरोगी हवा. तंबाखू, मावा आणि गुटखा खाऊन आपल्या कितीतरी लोकांची तोंडे आतून पांढरी, कडक झालेली असतात. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, तरी सवय सुटलेली नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या तयारीत डॉक्टर रोग्याला आधी तोंड उघडायला सांगतात. तात्यांनाही सांगितले. तात्या गोंधळून म्हणाले, "दुखणं खाली, आन् ह्यो वर काय बघतोय?" सुदैवाने ते तंबाखू खात नसत. जो खातो त्याला ती सोडायला लावतात, औषधी पाण्याने गुळण्या करायला लावतात. गाल अगदीच निकामी असेल तर दुसरी जागा शोधावी लागते, आणि ती गालाइतकी सोयीची असतेच असे नाही.

बाकीची तयारी थोडक्यात सांगतो. रक्तातली साखर ताब्यात आणावी लागते, नाहीतर जखम चिघळते. मूत्रपिंडांचे काम तपासतात, कारण वर्षानुवर्षे तुंबलेली लघवी वरपर्यंत दाब देत असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगावे लागते. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टर सांगतील तसे करावे. आदल्या रात्रीपासून सांगितलेल्या वेळेनंतर काही खायचे नाही. सुश्रुताने उपास सांगितला त्याचे कारण वेगळे असेल, पण आजचे कारण भुलीचे आहे. भूल दिल्यावर पोटातले अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून हा उपास. घरची माणसे प्रेमाने चोरून कपभर चहा पाजतात, तो जिवावर बेतू शकतो. आणि टेबलावर पाय उचलून आजही जवळजवळ तसेच निजवतात, जसे त्या फळीवर निजवीत. फक्त आता कोणी घट्ट आवळून बांधत नाही. पायांना मऊ आधार देतात, कारण तासन्‌तास एका जागी दाब पडला तर पायाच्या शिरा बधिर होतात.

राहिली धीर देण्याची गोष्ट. पुरुषाला या शस्त्रक्रियेआधी एक प्रश्न मनात सलत असतो, आणि तो विचारत नाही. संसारसुखाला बाध येईल का, मूल होईल का? चांगला डॉक्टर न विचारताच त्याविषयी बोलतो. त्याने नाही बोलले तर रोग्याने विचारावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. तात्या अखेरच्या दिवशी मला बाहेर जायला सांगून डॉक्टरांशी दहा मिनिटे बोलले. काय बोलले ते मी कधी विचारले नाही. पण बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला नव्हता.

ऑपरेशन नीट झाले. काही आठवड्यांनी नळी निघाली. त्यानंतर तात्या आणखी अकरा वर्षे जगले, आणि गोठ्यामागे जाऊन बसण्याची वेळ त्यांच्यावर पुन्हा आली नाही. पण सळईत गेलेली नऊ वर्षे कोणी परत देणार नव्हते.

तेव्हा श्रोतेहो, आणि विशेषतः खेड्यापाड्यांतल्या गुरुजींनो, आपल्याला लोक विचारतात म्हणून आपल्याला सांगतो. लघवीची धार बारीक झाली, दुभंगली, जोर करावा लागू लागला, बसून उठल्यावर पुन्हा थेंब थेंब येऊ लागले, तर ती उन्हाळी म्हणून सोडून देऊ नका. म्हातारपणात हेच लक्षण दुसऱ्या ग्रंथीच्या वाढीनेही येते. फरक कोणता तो तपासूनच कळतो. जांघेत मार लागून लघवीतून रक्त आले, तर दुखणे थांबले तरी एकदा दाखवून या. कोणी सळई घालून तात्पुरती वाट करून देत असेल, तर हे किती वेळा करणार असे त्याला विचारा. एकदोनदा याचा उपयोग होतो, काहींना तेवढ्यानेच बरे वाटते. पण पुन्हा पुन्हा केल्याने व्रण वाढतो आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होते, हे आता सिद्ध झाले आहे.

आणि इस्पितळातून कोणी हात हलवीत परत आला, "डॉक्टरांनी तारीख पुढं ढकलली" म्हणून चिडला, तर त्याला जवळ बसवा. लघवीत जंतू निघाले का, वाटेला विश्रांती द्यायची आहे का, साखर वाढली आहे का, हे त्याला विचारा. कारण समजले की राग निवतो आणि माणूस ठरल्या दिवशी पुन्हा जातो. ते आम्हाला कोणी समजावून सांगितले असते तर त्या दिवशी तात्या घरी निघून जायला उठले नसते. सुश्रुताने ज्या प्रेमळ आणि स्थिर माणसांची गरज सांगितली, ती सगळी इस्पितळातच असली पाहिजेत असे नाही. त्यांतला एखादा गावातही असावा लागतो.